गुडघ्याचं मलम

बाथरूमच्या दारावर रहीमभाईंनी तिसऱ्यांदा टकटक केली. आत नळ सोडलेला होता. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर जावयाचा चेहरा होता. दोहा शहरातली त्याची खोली, मागे खुंटीला टांगलेले इस्त्रीचे शर्ट. जुम्मा म्हणजे फहादच्या सुट्टीचा दिवस. दुपारची नमाज आटोपली की तो पनवेलला व्हिडिओ कॉल करायचा.

"माहनूर, फहाद लाइनवर आहे. किती वेळ बसवून ठेवू त्याला?"

नळ बंद झाला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"सांगा, डोकं दुखतंय. झोपलेय म्हणावं."

हे फोनवर ऐकू गेलं असणार. फहाद जरा हसल्यासारखा झाला आणि म्हणाला, "असू द्या, अब्बा. पुढच्या शनिवारी मी येतोच आहे." मग शर्टाची कॉलर नीट करत त्याने खाली बघून विचारलं, "एक विचारू? तिला मी नकोय का? दोन महिने झाले, उरणहून निघून तुमच्याकडे येऊन राहिलीय. आमच्या घरी तिला कुणी काही बोललेलं नाही. मी विचारलं की नुसतं म्हणते, तसं नाही."

"मी बोलतो तिच्याशी," एवढंच म्हणून रहीमभाईंनी फोन ठेवला.

माहनूर बाहेर आली ती भिंतीला हात धरून. पावलं जरा फाकवून टाकत होती. स्वयंपाकघरात जाऊन तिने ताटलीत भात घेतला आणि ओट्याशी उभ्यानेच खायला लागली. हल्ली ती उभ्यानेच जेवायची.

"नवरा सहा-सहा महिने परक्या मुलखात राबतो," रहीमभाई दारात उभे राहून म्हणाले. "आठवड्यातून एकदा त्याला बायकोचं तोंड बघायचं असतं. तेवढंही जमू नये? तुझ्या आईने माझ्याशी जन्मभर हेच केलं. तू तरी तिच्यावर जाऊ नकोस."

माहनूरचा हात ताटलीतच थांबला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. नंतर त्यांना ती नजर पुन्हा पुन्हा आठवली.

"अम्मीबद्दल काही बोलू नका, अब्बा," ती म्हणाली, आणि ताटली झाकून आत निघून गेली.

रहीमभाईंनी अठ्ठावीस वर्षं कुवेतमध्ये एका कंपनीचं गोदाम सांभाळलं. दोन वर्षांनी एकदा, दोन महिन्यांची सुट्टी. लग्नानंतरच्या पहिल्या दोन सुट्ट्या त्यांना अजून दिवसागणिक सांगता आल्या असत्या. त्यांची बायको ताहिरा तेव्हा जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडायची. मग माहनूर झाली, आणि पुढच्या कुठल्याशा सुट्टीपासून ताहिरा बदलली. मुलीला एकटीला झोप लागत नाही म्हणून तिच्या खोलीत झोपायला लागली. शेजारी बसली तरी हातभर अंतर ठेवून. माहनूरच्या पाठीवर दुसरं मूल झालं नाही. मोहल्ल्यातल्या बायका विचारायच्या तेव्हा ती मान खाली घालायची, आणि आपली चूक नसताना रहीमभाईंनाही मान खाली घालावी लागायची. एकदा भांडणात त्यांनी स्पष्टच विचारलं होतं, तुला मी नको असेन तर साफ सांग. ती म्हणाली होती, तसं नाही. पुढे काही नाही. त्या दोन शब्दांचा राग त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. पुढे पुढे तर ते मुद्दाम सुट्टी पुढे ढकलायचे. ज्या घरात आपली वाट कुणी बघत नाही तिथे जायची घाई कशाला, असं खोलीतल्या सोबत्यांना सांगायचे.

नोकरी संपवून ते कायमचे परत आले, त्यानंतर वर्षभरातच ताहिरा झोपेत गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता चार वर्षं झाली होती. रहीमभाई रडले होते, पण आपण नेमकं कशासाठी रडतोय हे त्यांना तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी माहनूर उठली नाही. चहा घेऊन रहीमभाई तिच्या खोलीत गेले, तर ती एका कुशीवर, गुडघे पोटाशी न घेता, एक पाय विचित्र बाजूला टाकून पडली होती. अंग तापाने फणफणलं होतं. चादरीवर कमरेखाली एक पिवळट लाल डाग पसरला होता. त्यांची नजर तिकडे गेलेली पाहून तिने पांघरूण ओढलं.

"काय झालंय?"

ती भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गळू झालंय. जांघेत. फुटलंय."

रहीमभाईंनी चहाचा कप खिडकीत ठेवला, पुन्हा उचलला. बापाने मुलीला यापुढे काय विचारायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"कामोठ्यात स्किनच्या एक लेडी डॉक्टर आहेत," माहनूर म्हणाली. "उद्या दुपारी बसतात. मला न्याल?"

दुसऱ्या दिवशी ते तिला रिक्षाने घेऊन गेले. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला ती पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून सीटवरून स्वतःला उचलून घ्यायची. रिक्षावाल्याला रहीमभाई सारखे म्हणत होते, सावकाश घ्या. तिच्या कपाळावर घाम होता, पण तोंडातून आवाज नव्हता. इतक्या सराईतपणे ती हे करत होती की त्यांना वाटलं, हे आजचं नाही.

दवाखाना एका शिकवणीच्या वर्गाच्या माडीवर होता. खालून मुलांचा गलका वर येत होता. डॉक्टर किशोरी पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले. माहनूरला खुर्चीत बसता येईना, म्हणून त्यांनी तिला तपासणीच्या टेबलाला टेकून उभं राहू दिलं आणि रहीमभाईंना समोरच्या खुर्चीत बसवलं.

"आधी थोडी माहिती घेते. मग काका बाहेर बसतील," त्या म्हणाल्या. "कधीपासून आहे हे?"

"सतरा वर्षांची होते तेव्हापासून," माहनूर म्हणाली. "दहा वर्षं."

रहीमभाईंनी मान वर केली.

"येतं, फुटतं, बरं होतं, पुन्हा येतं?"

"हो. त्याच जागी. कधी शेजारी. उन्हाळ्यात जास्त. पाळीच्या आधी तर हमखास."

"कुणाला दाखवलंत?"

"घराजवळच्या डॉक्टरांनी दोनदा चिरा दिला. बाकी घरीच. गरम पाण्याने शेकायचो, कापड बांधायचो."

"शेकायचो म्हणजे? सोबत कोण?"

"अम्मी."

डॉक्टर लिहीत होत्या. "घरात, रक्ताच्या नात्यात, असं आणखी कुणाला होतं का?"

माहनूरने एकदा वडिलांकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"अम्मीला होतं," ती म्हणाली.

"अच्छा." डॉक्टर रहीमभाईंकडे वळल्या. "मिसेसना साधारण किती वर्षं होतं हे?"

रहीमभाईंनी तोंड उघडलं. गोदामातल्या कुठल्या रॅकवर कुठल्या नटाचे किती नग आहेत, हे अठ्ठावीस वर्षं त्यांनी वही न बघता सांगितलं होतं. समोरची बाई पेन टेकवून वाट बघत होती. खाली मुलं हसत होती.

"बावीस-तेवीस वर्षं," माहनूरनेच सांगितलं. "माझ्या जन्मानंतर सुरू झालं. जाईपर्यंत होतं."

"जांघेतच?"

"जांघेत, काखेत, मागे. शेवटी दोन-तीन जागा कायमच वाहत्या होत्या. दिवसातून चारदा कापड बदलायला लागायचं."

डॉक्टरांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवून त्या दोघांनाही म्हणाल्या, "एक लक्षात घ्या. हे अस्वच्छतेने होत नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, नवऱ्याला तर नाहीच. केसांच्या मुळाशी सूज येते आणि कातडीच्या आत गाठी होतात. काही घरांत ते पुढच्या पिढीत येतं. मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही, पण औषधांनी पुष्कळ आटोक्यात ठेवता येतं. तुम्ही दहा वर्षं उशिरा आलात. तरी आलात."

मग त्यांनी पडदा ओढला, आणि रहीमभाई बाहेर येऊन बसले.

बाहेर एक बाई तान्ह्या मुलाला थोपटत होती. रहीमभाईंनी हात मांडीवर ठेवले होते आणि ते हातांकडे बघत होते. ताहिरा पस्तिशीतच नमाज खुर्चीवर बसून पढायला लागली होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात. तेव्हापासून दर सुट्टीला कुवेतच्या मेडिकलमधून ते तिच्यासाठी गुडघ्याच्या मलमाच्या ट्यूब आणायचे. सहा-सहा, आठ-आठ. बॅग उघडली की आधी त्या काढून तिच्या हातात द्यायचे. कितीही राग असला तरी हे त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. ती त्या दोन्ही हातांनी घ्यायची आणि म्हणायची, याने बरं वाटतं. घरात सकाळ-संध्याकाळ ऊद जाळायची. आपली बायको फार दीनदार झालीय, नवऱ्यापेक्षा तिला अल्ला जवळचा झालाय, असं ते समजायचे. तिला स्पर्श करावा म्हणून हात पुढे केला की ती हात काखेपासून न उचलता, कोपर अंगाशी घट्ट धरून मागे सरायची.

आतून माहनूरचा दबका, कण्हल्यासारखा आवाज आला. रहीमभाई उठून उभे राहिले आणि मग, आपल्याला आत जाता येणार नाही हे लक्षात येऊन, पुन्हा बसले.

रहीमभाई तिला घरी घेऊन आले. संध्याकाळी माहनूरचा ताप उतरला. रहीमभाईंनी तिला खिमट करून दिलं, त्यात मीठ जास्त पडलं होतं. तिने ते पलंगावर अर्धवट आडवं होऊन संपवलं. ते खुर्ची घेऊन पलंगापासून जरा लांब बसले.

"मलम काय करायची ती?" त्यांनी विचारलं.

माहनूरला आधी कळलं नाही.

"मी आणायचो ते. गुडघ्याचं."

"पलीकडच्या ताईंना द्यायची. त्यांच्या गुडघ्यांना उतार पडायचा." माहनूर जराशी हसली. "सगळ्या ट्यूब नाही द्यायची. एक ठेवायची दर वेळी. तुम्ही विचारलंत तर दाखवायला."

रहीमभाईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"मला का नाही सांगितलं तिने? एक वर्ष मी इथेच होतो. कायमचा. एका छपराखाली."

"मीही तेच म्हणायचे तिला. मला सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा म्हटलं, अब्बांना सांग, ते तिकडून चांगलं औषध पाठवतील." माहनूरने रिकामी वाटी बाजूला ठेवली. "ती म्हणाली, सांगायला गेले होते एकदा."

"कधी?"

"मी लहान असताना. तुम्ही सुट्टीवर आला होतात. दुपारची वेळ होती, मी शेजारी खेळत होते. तिने ठरवलं होतं, आज सांगायचं. तुम्ही सामान ठेवून पलंगावर बसलात, ती तुमच्याजवळ येऊन बसली. आणि तुम्ही तोंड दुसरीकडे फिरवलंत. म्हणालात, काय सडलंय इथे? खिडकी उघड."

रहीमभाईंनी खिडकीकडे पाहिलं.

"तिने उठून खिडकी उघडली. म्हणाली, उंदीर मेला असेल. मग तुम्ही झोपलात. प्रवासाने थकला होतात."

"असं मी म्हटलं?"

"असं ती म्हणाली. रागाने नाही. एकदाच सांगितलं मला."

"कुठल्या सुट्टीत?"

"ते मी विचारलं नाही, अब्बा."

बाहेर मशिदीत अजान झाली. दोघंही ती संपेपर्यंत थांबले. रहीमभाईंनी आठवायचा प्रयत्न केला. पलंग आठवला, त्यावरची निळी चादर आठवली, बॅगांच्या दोऱ्या कात्रीने कापतानाचा आवाजसुद्धा आठवला. पण ते वाक्य कुठेच नव्हतं. इतकं हलकं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं होतं की मागे खूणही राहिली नव्हती.

"फहादला मी सांगू?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नको."

"तो चांगला मुलगा आहे. शुक्रवारी मला म्हणाला, तिला मी नकोय का. ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. नळ बंद केला होता मी." माहनूरने चादरीची सुरकुती बोटाने सरळ केली. "तो सोडून देईल याची भीती नाहीय मला. सांगितल्यावर त्याचं तोंड कसं होईल, ते मला बघायचं नाहीय. एकदा बघितलं की विसरता येत नाही. अम्मीला नाही आलं."

रहीमभाई उठले. वाटी उचलून स्वयंपाकघरात नेऊन धुतली, आणि ती धुऊन झाल्यावरही नळाखाली हात धरून उभे राहिले.

पुढचे चार दिवस ते रोज मेडिकलमध्ये जाऊन काही ना काही आणत राहिले. गॉझ, चिकटपट्टी, न चिकटणारं ड्रेसिंग, बसायला मधे भोक असलेली उशी. सामान माहनूरच्या दाराबाहेर ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. गुरुवारी ती म्हणाली, "इतकं कशाला? वर्षभर पुरेल." रहीमभाई म्हणाले, "पुरू दे."

शुक्रवारी फहादचा फोन आला तेव्हा माहनूरने तो स्वतः घेतला. व्हिडिओ न लावता. आतल्या खोलीतून तिचा बारीक आवाज येत होता. फोन ठेवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "मी सांगणार आहे त्याला. इथे आल्यावर, समोर बसून. तुम्ही मधे पडायचं नाही, अब्बा. कबूल करा."

"कबूल," रहीमभाई म्हणाले.

शनिवारी सकाळी माहनूरने आंघोळ केली, ड्रेसिंग बदललं, फिकट हिरवा ड्रेस घातला. दहाच्या सुमारास ती पुन्हा बाथरूममध्ये गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. दुसरी एक जागा फुटली होती. तिने कपडे बदलले, पुन्हा गॉझ बांधलं. खोलीत पू आणि औषध यांचा मिळून एक गोडसर, आंबूस वास राहिला होता. ती ऊद लावायला उठली.

"राहू दे," रहीमभाई म्हणाले. "नको लावूस."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उदाची डबी तिने जागेवर ठेवली.

खालून हॉर्न वाजला. रहीमभाई खाली गेले. टॅक्सीतून फहाद उतरत होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याने सलाम केला, गळाभेट घेतली. ड्रायव्हरने दोन बॅगा काढून जिन्याशी ठेवल्या. फहादने एक उचलली आणि वर बघितलं.

"थांब जरा," रहीमभाई म्हणाले.

फहाद थांबला.

"माहनूर तुला काही सांगणार आहे. काय, ते तीच सांगेल. मी तिला शब्द दिलाय." त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. "ती तुझ्याजवळ येऊन बसेल. तेव्हा तुला वास येईल. तोंड फिरवू नकोस."

"अब्बा, काय झालंय तिला?"

"खिडकी उघड म्हणू नकोस. बाकी तुला जे वाटेल ते वाटू दे. फक्त तेवढा वेळ तोंड फिरवू नकोस." रहीमभाईंनी दुसऱ्या बॅगेचा पट्टा धरला, सोडला. "मी फिरवलं होतं."

फहाद त्यांच्याकडे पाहत राहिला. हातातली बॅग तिथेच ठेवून तो जिना चढून गेला, दोन-दोन पायऱ्या घेत.

रहीमभाई बॅगांपाशी, वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीत बसले. मीटरच्या पेट्यांना रंग देणारा एक माणूस आपलं काम करत होता. वरून काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी वर बघायचं टाळलं. पाऊण तास गेला असेल, तेव्हा खिशातला फोन वाजला.

"अब्बा, वर या," माहनूर म्हणाली. तिचा आवाज रडून बसलेला होता. "चहा टाकलाय."

मागून फहादचा आवाज आला, जरा लांबून, कपाटात काही शोधताना येतो तसा. "ते न चिकटणारं कुठलं? पांढऱ्या पाकिटातलं की निळ्या?"

"निळ्या," माहनूर तोंड बाजूला करून म्हणाली. मग पुन्हा फोनमध्ये, "येताय ना?"

"आलो," रहीमभाई म्हणाले.

फोन बंद झाला. रंगाच्या वासाने त्यांचे डोळे चुरचुरत होते. उठायचं म्हणून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले, पण ते उठले नाहीत. दुपारची वेळ. मूल शेजारी खेळतंय. बॅगा अजून उघडलेल्या नाहीत. तिथपर्यंत त्यांना जाता येत होतं. ती शेजारी येऊन बसते, तिथपर्यंतसुद्धा. दुसरी सुट्टी संपली होती हे नक्की. मग तिसरी असेल, नाहीतर चौथी. त्यांनी पुन्हा पहिल्या सुट्टीपासून मोजायला सुरुवात केली.